तत्त्वचिंतनात्मक कादंबरीवर सिनेमा करताय? या चुका टाळा

समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा असलेली कादंबरी पटकथेसाठी हातात घेतली की पहिला मोह होतो तो खुणा केलेल्या ओळी वाचवण्याचा. मीही तेच केलं होतं. चाळीसेक वाक्यं वहीत उतरवली आणि प्रत्येकाला एकेक तोंड शोधून दिलं. ड्राफ्टचं वाचन झालं तेव्हा ऐकायला बसलेल्या संकलकाने एवढंच विचारलं, "ही माणसं एकमेकांशी बोलतायत की आपल्याशी?" पुढच्या बहुतेक चुका त्या एका प्रश्नाच्या पोटातल्या आहेत.

अधोरेखित वाक्यं संवादात घालणं

पुस्तकातला विचार वाचकाच्या चालीने चालतो. वाचक थांबतो, दोन पानं मागे जातो, पुस्तक मिटून जरा वेळ बसतो. पडद्यावर ही सोय नाही. वाक्य उच्चारलं की संपलं, लगेच पुढचं सुरू. म्हणून पानावर जे वाक्य आत रुतलं होतं तेच नटाच्या तोंडी भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटायला लागतं.

आयन रँड यांनी 'द फाउंटनहेड' या आपल्याच कादंबरीची पटकथा स्वतः लिहिली आणि नायकाचं कोर्टातलं लांबलचक भाषण कापू दिलं नाही. १९४९ सालच्या त्या सिनेमात ते भाषण आहे. त्यातला युक्तिवाद पटो वा न पटो, तेवढा वेळ सिनेमा जागचा हलत नाही. लेखिकेचा हक्क जपला गेला, पण नायक माणूस न राहता व्याख्याता झाला.

समजा, तुमच्या कादंबरीत एक डॉक्टर आहे. रुग्णाचा रिपोर्ट हातात आला आहे आणि तो वाईट आहे. खरं सांगणं हे कर्तव्य, की समोरच्याची उरलेली शांत झोप राखणं हे कर्तव्य, यावर लेखकाने तीन पानं खर्ची घातली आहेत. पटकथेत त्याचं सहसा असं होतं: रात्री डॉक्टर बायकोला म्हणतो, "सत्य हीसुद्धा एक हिंसाच असते." वाक्य टाळ्या घेईल. पण त्या खोलीत कुणाचंच काही पणाला लागलेलं नाही.

आता हाच प्रसंग रुग्णाच्या खोलीत न्या. डॉक्टर तोंड उघडणार एवढ्यात रुग्ण म्हणतो, "जरा खिडकी उघडता का?" डॉक्टर खिडकीपाशी जातो. कडी सहज निघते, झडप ढकलायची तेवढी राहते. पण तो पाठमोराच उभा, हात कडीवर. मागून आवाज येतो, "अडकली का?" तो म्हणतो, "हो."

पहिलं खोटं बोलून झालं, आणि ते रिपोर्टबद्दल नाही. तीन पानांतले सगळे मुद्दे यात आले नाहीत, येणारही नाहीत. त्यांचं ओझं मात्र आलं. तत्त्वचिंतनात्मक कादंबरीतून पडद्यावर नेण्यासारखं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हेच: विचार त्या माणसाला किती जड जातो. विचार काय आहे हे पुस्तकाने आधीच उत्तम सांगितलेलं असतं.

निवेदनाचं ठिगळ

संवादात मावलं नाही की व्हॉइसओव्हर लावला जातो. आवाज बंद करून सीन बघा. काहीच कमी झालं नाही तर निवेदन काढा. सीनच कोसळला तर तो सीन अजून लिहिलेलाच नाही. आवाज आणि चित्र एकमेकांना खोडून काढतात तेव्हा मात्र निवेदन कामाचं ठरतं. आवाज सांगतो, 'मी तिला केव्हाच माफ केलं', आणि हात तिचं पत्र चौथ्यांदा उलगडत असतात.

प्रश्न न शोधता नुसती गोष्ट उचलणं

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. चिंतन जड जातंय ना, मग ते गाळू आणि कथानक घेऊ, असा हा हिशेब. पण अशा कादंबऱ्यांचं कथानक पुष्कळदा चार ओळींचं असतं. चिंतन काढून घेतलं की हातात राहतो तो सांगाडा.

मिलान कुंदेरा यांची 'द अनबेअरेबल लाइटनेस ऑफ बीइंग' वाचताना लेखक मध्येच येऊन आपल्याशी बोलतो, ही पात्रं आपल्याला कशी सुचली तेही सांगतो. फिलिप कॉफमन यांच्या १९८८च्या सिनेमात तो लेखक नाही. त्यात माणसं आहेत, त्यांची प्रेमं आहेत, प्रागमध्ये घुसलेले रणगाडे आहेत. मला तो सिनेमा आवडतो. तरी त्यानंतर कुंदेरांनी आपल्या पुस्तकांवर सिनेमे करायला परवानगी दिली नाही, हेही मला समजू शकतं. त्या कादंबरीत प्रश्न विचारणारा आवाज हेच एक मोठं पात्र होतं.

म्हणून पटकथेचं पहिलं पान लिहिण्याआधी कादंबरीचा प्रश्न एका ओळीत लिहा. शेवटी प्रश्नचिन्ह हवंच. 'अस्तित्वाची निरर्थकता' हा प्रश्न नाही, ते पाठ्यपुस्तकातल्या धड्याचं नाव आहे. प्रश्न असा हवा की दोन्ही बाजूंनी भांडणारी शहाणी माणसं सापडतील. आणि मग त्या प्रश्नाला मुदत शोधा. मुदत नसेल तर पात्र विचार करत बसू शकतं, आणि विचार करत बसलेला माणूस पडद्यावर नुसता बसलेलाच दिसतो.

यू. आर. अनंतमूर्ती यांच्या 'संस्कार' या १९६५च्या कन्नड कादंबरीत ही मुदत आधीपासूनच आहे. सगळे आचार मोडलेला नारणप्पा मेला आहे. त्याला अग्नी कुणी द्यायचा हे ठरत नाही, आणि प्रेत उचलेपर्यंत अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या त्या वस्तीत, कुणाला जेवता येत नाही. धर्म म्हणजे नियम की आणखी काही, हा प्रश्न तिथे चर्चेचा उरत नाही, कारण प्रेत थांबायला तयार नाही. पट्टाभिराम रेड्डी यांच्या १९७०च्या सिनेमात गिरीश कार्नाड यांनी प्राणेशाचार्य केले, म्हणजे ज्यांच्याकडे सगळे निर्णयासाठी बघतात ते पंडित. पोथीत उत्तर शोधणारा हा माणूस बघवत नाही, कारण बाहेर काय चाललंय ते आपल्याला ठाऊक असतं. तुमच्या कादंबरीत अशी मुदत नसेल तर ती तुम्हाला घडवावी लागेल, आणि तेवढं स्वातंत्र्य घ्यायला अजिबात कचरू नका.

प्रतीकांचं धुकं

विचार खोल आहे हे दाखवायला धुकं, थांबलेलं घड्याळ, रिकामी खुर्ची. प्रेक्षक अशा प्रतीकाला मान देतो आणि विसरून जातो. वस्तू आधी वस्तू म्हणून त्रास देणारी हवी. कोबो आबे यांच्या 'वूमन इन द ड्यून्स'ची पटकथा त्यांनी स्वतः लिहिली, दिग्दर्शन हिरोशी तेशिगाहारा यांचं, साल १९६४. वाळूच्या खड्ड्यात अडकलेला माणूस, एवढीच गोष्ट. पण ती वाळू अंगाला चिकटते, छपरातून गळते, जेवताना वर छत्री धरावी लागते. रोज उपसली नाही तर घर गाडलं जाईल. कष्टाला अर्थ असतो का, हे कुणी बोलून दाखवावं लागत नाही. बघताना आपल्याच मानेला खाज सुटते.

बदलायला भिणं, किंवा नकळत बदलणं

टॉमस मान यांच्या 'डेथ इन व्हेनिस'चा नायक लेखक आहे. लुकिनो व्हिस्कोंती यांनी १९७१च्या सिनेमात त्याला संगीतकार केलं. लेखकाचं मन पडद्यावर दाखवणं अवघड, संगीतकाराचं मन निदान ऐकू येतं. बदल मोठा आहे, पण कशासाठी केला ते स्पष्ट आहे.

'सोलारिस'चं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. स्तानिस्लाव लेम यांच्या १९६१च्या कादंबरीचा प्रश्न असा की माणसाहून पूर्ण वेगळं काही समोर आलं तर ते आपल्याला कळू शकेल का? आंद्रेई तारकोव्हस्की यांनी १९७२मध्ये त्यातून अपराधभाव आणि सदसद्विवेक यांचा सिनेमा केला, आणि अंतराळस्थानकावर सुरू होणाऱ्या गोष्टीआधी पृथ्वीवरचं घर, तळं, पाऊस आणला. लेम शेवटपर्यंत नाराज होते, आणि त्यांच्या बाजूने त्यांचं बरोबरच होतं. तरी सिनेमा उभा राहतो, कारण तारकोव्हस्कींनी दुसरा प्रश्न घेतला तो पूर्ण घेतला. फसतात ते निम्मा लेखकाचा आणि निम्मा आपला घेणारे. म्हणून आपण प्रश्न बदलतोय का, हे शूटिंगच्या आधी स्वतःशी कबूल करा.

संथ म्हणजे खोल, असं समजणं

लांब शॉट घ्यावा तो त्यात काहीतरी ठरत असेल तेव्हा. डॉक्टरचा हात कडीवर वीस सेकंद चालेल. तोच डॉक्टर जिना चढतोय, तर वीस सेकंद कशाला? लांबीचं भान कागदावरच ठेवलेलं बरं. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांनी दस्तयेवस्कींच्या 'द इडियट'वर १९५१मध्ये २६५ मिनिटांचा सिनेमा केला, स्टुडिओने तो १६६ मिनिटांवर आणला. कापल्यामुळे सुरुवातीला पडलेल्या मोकळ्या जागा पडद्यावर मजकुराच्या पाट्या दाखवून भराव्या लागल्या, आणि त्या आजही खटकतात.

संकलनात येणारी अडचण

पहिला कट बघून कुणीतरी हमखास म्हणतं, "कळणार नाही, एक ओळ टाकू." लगेच हो म्हणू नका. पुस्तक न वाचलेल्या चार-पाच जणांना तो सीन दाखवा. 'कळलं का' असं विचारलंत तर सगळे मान डोलावतील. त्याऐवजी विचारा, "त्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं?" उत्तरं वेगवेगळी आली, लोक आपसात वाद घालायला लागले, तर सीनला हात लावू नका. सगळ्यांचं उत्तर एकच आलं तर दोष ओळीचा नाही. लिहितानाच एक बाजू दुबळी राहिली आहे. डॉक्टरने गप्प का राहावं याचं कारण तुम्हाला स्वतःला पटेपर्यंत तो सीन पुन्हा लिहा.