जुनी शिडाची होडी घेताय? आधी ठोकून बघा

गंगापूर धरणाच्या पाण्यात चालवायला मुंबईकडून जुनी फायबरची शिडाची होडी आणणार असाल, तर रंगाच्या चकाकीवर जाऊ नका. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेक, म्हणजे होडीचा वरचा पृष्ठभाग, वीत-वीत अंतरावर ठोकत चला. टणक ‘टक्’ आला तर ठीक. ‘भद्द’ आवाज आला की समजा, आत पाणी मुरलंय किंवा थर सुटलेत. डोलकाठीच्या बुडाशी आणि तिला उभी धरणाऱ्या तारा डेकला जोडलेल्या जागी जास्त वेळ द्या, पाणी बहुतेक तिथूनच शिरतं. तारांवरून कापसाचा बोळा फिरवा. तो अडकला तिथे तारेचा पेड तुटलाय. अशी तार बदलायचीच. भर वाऱ्यात ती तुटली तर अख्खी डोलकाठी कोसळते. शिडाची शिवण नखाने ओढून बघा, उन्हाने दोरा कुजलेला असतो. मगच भावाचं बोला.