स्प्लायसिंग पाठ करू नका, पेन्सिल घेऊन यू1 ची जोडी लावा

स्प्लायसिंग म्हणजे जीनच्या कच्च्या आरएनए प्रतीतून (प्री-एमआरएनए) मधले नको असलेले तुकडे, इंट्रॉन, कापून काढणं आणि कामाचे तुकडे, एक्सॉन, जोडणं. एमएस्सी किंवा नेटची तयारी करताना बहुतेक जण त्यातली यू1, यू2, यू4, यू5, यू6 ही नावं ओळीने घोकतात आणि कोण कधी आलं, कोण कधी गेलं यातच गुरफटतात. माझं म्हणणं सरळ आहे, घोकू नका, कागदावर आरएनएची अक्षरं (ए, यू, जी, सी हे बेस) जुळवून बघा. या छोट्या न्यूक्लियर आरएनएंसोबत भरपूर प्रोटीनं असतात हे खरंच आहे, पण प्री-एमआरएनए कुठे कापायचा हे ओळखण्यात अक्षरांच्या जोडीचा वाटा फार मोठा आहे आणि जोडी लावायला बारावीचं बायोलॉजी पुरतं. ए ला यू, जी ला सी, आणि जी-यू ही ढिली जोडी पण चालते.

सुरुवात यू1 पासून करा. माणसातला यू1 आहे 164 अक्षरांचा, पण आपल्याला हवंय फक्त त्याचं पाच प्राइम (सुरुवातीचं) टोक: ए-यू-ए-सी-यू-यू-ए-सी-सी-यू-जी. (मधले दोन यू खरं तर स्यूडोयुरिडीन, म्हणजे यू चं बदललेलं रूप, असतात, जोडीपुरते यूच धरा.) पहिली दोन अक्षरं सोडा आणि उरलेली नऊ उलटी लिहा, कारण दोन आरएनए नेहमी उलट दिशेने जुळतात आणि बरेच जण इथेच घोळ घालतात. आता त्याच्या वर इंट्रॉन सुरू होतो ती आदर्श जागा लिहा, उभी रेघ म्हणजे एक्सॉन संपला:

सी-ए-जी | जी-यू-ए-ए-जी-यू
जी-यू-सी | सी-ए-यू-यू-सी-ए

नऊच्या नऊ जुळतात. आता खऱ्या जीनवर या. मी बीटा-ग्लोबिनच (हिमोग्लोबिनच्या एका साखळीचा जीन) घ्यायला सांगेन कारण थॅलेसेमिया आपल्याकडे अनेक घरांत भोगला जातो आणि त्यातल्या बऱ्याच केसेसचं उत्तर याच नऊ अक्षरांत आहे. पहिल्या इंट्रॉनची सुरुवात अशी आहे:

सी-ए-जी | जी-यू-यू-जी-जी-यू

खाली यू1 ची तीच ओळ ठेवा. सात पक्क्या जोड्या मिळतील, इंट्रॉनचं तिसरं अक्षर यू समोर यू येऊन फसतं, चौथं जी-यू ढिलं. म्हणजे जागा आदर्श नाही पण काम भागतं, निरोगी माणसात याच्यावरच हिमोग्लोबिन बनतंय. आता पाचवं अक्षर जी खोडून सी करा, रिपोर्टमध्ये याला आयव्हीएस 1-5 जी टू सी म्हणतात (आयव्हीएस म्हणजे इंट्रॉन) आणि भारतातल्या बीटा थॅलेसेमियात हेच म्युटेशन सगळ्यात जास्त सापडतं. सी समोर सी, जोडी गेली. पण मोजणी तेवढ्यावर थांबवू नका, ओळ नीट बघा: तिसरं जुळत नाही, चौथं ढिलं, पाचवं गेलं, त्यामुळे सहावं जुळत असूनही एकटं पडतं आणि सलग पक्क्या अशा रेघेजवळच्या पाचच जोड्या उरतात. मग सेल जवळपासच्या दुसऱ्या, एरवी झोपलेल्या जागा वापरायला लागतो, दोन पहिल्या एक्सॉनमध्ये आणि एक इंट्रॉनच्या 13 व्या अक्षरापाशी, आणि तिथे कापलेला एमआरएनए बहुतांशी निकामी असतो.

एक्सॉनमधली एक झोपलेली जागा मुद्दाम तपासा: जी-यू-जी | जी-यू-जी-ए-जी-जी. पाच पक्क्या, एक ढिली. ईशान्य भारतात भरपूर दिसणाऱ्या हिमोग्लोबिन ई या बदललेल्या हिमोग्लोबिनमध्ये रेघेनंतरच्या तिसऱ्या अक्षराचा, म्हणजे ढिल्या जोडीतल्या जी चा, ए होतो. ढिली जोडी पक्की झाली, आणि म्हणून त्यात अमिनो अॅसिड तर बदलतंच, वर थोडा एमआरएनए चुकीच्या जागी कापलाही जातो. एका अक्षराने दोन नुकसानं, पुस्तकात बरेचदा पहिलंच सांगतात!

हे सगळं कागदावरचंच आहे का असं वाटलं तर 1986 चा झुआंग आणि वायनर यांचा प्रयोग वाचा. स्प्लाइस साइट बिघडवली, मग यू1 मध्ये त्याला जुळणारा उलट बदल केला आणि स्प्लायसिंग परत आलं. जोडीच महत्त्वाची, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

यू2 ला पण हीच पद्धत, फक्त यीस्टची ब्रँच साइट (इंट्रॉनमधली यू2 जुळतो ती जागा) घ्या कारण ती ठाम असते: यू-ए-सी-यू-ए-ए-सी. यू2 मधलं जी-यू-ए-जी-यू-ए उलटं करून खाली लावा. वर सात अक्षरं, खाली सहा, म्हणून सहावा ए मुद्दाम बाहेर ठेवायचा, बाकी सगळे जुळतात. हाच बाहेर आलेला ए इंट्रॉनच्या पहिल्या जी वर हल्ला करतो आणि लॅरियट, म्हणजे इंट्रॉनचा फासासारखा वळसा, बनतो. माणसात ही जागा बरीच सैल असते, बीटा-ग्लोबिनच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये तो ए शेवटापासून 37 वा आहे.

उरलेल्यांसाठी एवढं पुरे: यू6 येतो तो यू4 शी घट्ट जुळलेला, म्हणजे गप्प केलेला, मग ब्रर2 नावाचं हेलिकेज (जोड्या उलगडणारं एन्झाइम) ती जोडी सोडवतं, यू6 आधीच यू1 ची जागा घेऊन बसलेला असतो आणि आता यू2 शी जुळतो, मॅग्नेशियम धरून कापण्याची केमिस्ट्री तोच करतो. यू5 दोन्ही एक्सॉनची टोकं धरून ठेवतो. यू7 स्प्लायसिंगमध्ये नाहीच, तो हिस्टोन (डीएनए ज्यांच्यावर गुंडाळतो ती प्रोटीनं) एमआरएनएचं तीन प्राइम (शेवटचं) टोक तयार करायला लागतो, एमसीक्यूमध्ये यावरून हमखास फसवतात.

सरावाला ती 13 व्या अक्षरापाशीची जागा स्वतः लावा: ए-ए-जी | जी-यू-यू-ए-सी-ए. पाच जोड्या आल्या तर बरोबर, एकच पक्की आणि दोन ढिल्या आल्या तर यू1 ची ओळ उलटी करायची राहिलीये का ते आधी बघा.