लॉगआउट करताच थांबणारा कंटेनर: माझा अनुभव

कॉकपिट या ब्राउझरमधून लिनक्स सर्व्हर सांभाळण्याच्या साधनाच्या ९०९० पोर्टवरील पॅनेलमधून सामान्य वापरकर्त्याच्या खात्यात तयार केलेला पॉडमन कंटेनर (पॉडमन या साधनाने वेगळ्या कप्प्यात चालवलेला प्रोग्राम) मी लॉगआउट केल्यावर थोड्याच वेळात थांबत असे, आणि लॉगमध्ये मात्र प्रोग्रामची कोणतीही त्रुटी दिसत नसे. असा कंटेनर वापरकर्त्याच्या सेवांमध्ये मोडतो आणि त्या वापरकर्त्याचे शेवटचे सत्र संपले की सिस्टिमडी (लिनक्समधील सेवा सुरू-बंद करणारी प्रणाली) त्या सेवा बंद करते, हे त्यामागचे कारण निघाले. कंटेनर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासक खात्याच्या, अधिकारांनी चालवणे सोपे असले, तरी सुरक्षेच्या दृष्टीने मला ते पटत नाही. म्हणून पॅनेलच्याच टर्मिनलमध्ये ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ ही लॉगआउटनंतरही वापरकर्त्याच्या सेवा चालू ठेवणारी आज्ञा त्याच्या नावासह दिली आणि कंटेनर अखंड चालू राहिला. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावरही तो आपोआप सुरू व्हावा, यासाठी कंटेनरचे रीस्टार्ट धोरण ‘ऑलवेज’ (नेहमी) ठेवून त्याच वापरकर्त्याची ‘पॉडमन-रीस्टार्ट’ सेवा सक्षम केली.