एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी राज्य-आमदाराचे चरित्र कसे उभे करावे

राज्याच्या विधिमंडळात दोन-तीन वेळा निवडून येऊन पुन्हा आपल्या शेतीकडे किंवा वकिलीकडे वळलेल्या माणसाचे तयार चरित्र सहसा मिळत नाही. ते नोंदींतून जुळवावे लागते.

आधी सभागृहाचे स्वरूप समजून घ्यावे. न्यूयॉर्कच्या असेंब्लीची, म्हणजे तेथील कनिष्ठ सभागृहाची, निवडणूक त्या काळी दरवर्षी होत असे, त्यामुळे तेथील तीन कारकिर्दी म्हणजे तीनच वर्षे. राज्यांच्या सीमाही तपासाव्यात, कारण मेन 1820 पर्यंत मॅसॅच्युसेट्सचा भाग होता आणि वेस्ट व्हर्जिनिया 1863 मध्ये व्हर्जिनियातून वेगळे झाले.

घरची परिस्थिती जनगणनेत सापडते. 1850 पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय व जन्मस्थान नोंदले गेले आणि स्थावर मालमत्तेची किंमतही डॉलरमध्ये लिहिली गेली. आमदार दक्षिणेकडील असेल, तर 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या स्वतंत्र याद्या पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये. तेथे मालकाचे नाव ठळकपणे येते आणि त्याच्याखाली गुलामांचे बहुधा केवळ वय, लिंग व वर्ण. ही पाने वाचताना मन जड होते, पण ती वगळून लिहिलेले चरित्र खोटे ठरते. 1890 च्या जनगणनेची बहुतेक पाने मात्र 1921 च्या आगीनंतर उरली नाहीत.

काउंटीच्या, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या, जुन्या इतिहासग्रंथांतील परिचय जपून वापरावेत. ते पुष्कळदा कुटुंबानेच पुरवलेल्या माहितीवर बेतलेले असतात आणि वर्गणीदारांच्या भरवशावर छापलेले असतात.

माझ्या मते खरा माणूस भेटतो तो सभागृहाच्या छापील कामकाजवृत्तात, जिथे नावानिशी मतदान नोंदलेले असते. उदाहरणार्थ, अब्राहम लिंकन 1834 ते 1842 इलिनॉयच्या कनिष्ठ सभागृहात होते. जानेवारी 1837 मध्ये गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारा ठराव तेथे 77 विरुद्ध 6 मतांनी संमत झाला, आणि त्या सहांत लिंकन होते. पुढे 3 मार्चला त्यांनी सहकारी आमदार डॅन स्टोन यांच्यासह नोंदवलेल्या निवेदनात गुलामगिरी अन्याय व वाईट धोरण यांवर उभी असल्याचे म्हटले, मात्र उच्छेदवादाच्या, म्हणजे गुलामगिरी रद्द करावी या मताच्या, प्रचाराने तिचे दुष्परिणाम वाढतात, असेही त्याच निवेदनात आहे. दोन्ही वाक्ये एकत्रच उद्धृत करावीत.

यानंतर वृत्तपत्रांकडे वळावे. ती उघडपणे पक्षांची होती, म्हणून एकाच भाषणाचा वृत्तांत व्हिग आणि डेमोक्रॅट अशा दोन्ही प्रतिस्पर्धी पक्षांच्या पत्रांतून वाचावा. शेवटी काउंटीच्या न्यायालयातील मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी मिळवून तिच्यातील रकमा जनगणनेतील आकड्यांशी ताडून पाहाव्यात.