कुत्र्याला ‘सोड’ शिकवायचं काम: सोलापुरात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सोलापुरात घरोघरी जाऊन कुत्री शिकवायला लागलात की एक तक्रार हमखास कानावर येते: “तोंडात धरलेलं सोडतच नाही बघा.” टॉवेल, चप्पल, चादरीचं टोक, कोपऱ्यावर कुणीतरी टाकलेलं चिकनचं हाड. जुळे सोलापुरातल्या बंगल्यात जा नाहीतर पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरात, तक्रार तीच आणि घरातल्यांचा उपायही तोच. एकजण पट्टा धरतो, दुसरा जबडा उघडतो.

वस्तू निघते, पण पिल्लू त्यातून काय शिकतं ते बघा. माणसाचा हात जवळ आला की आपल्याकडचं जातं. मग ते पलंगाखाली पळतं, घाईने गिळतं, किंवा दात दाखवतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की ज्या वागण्याचं फळ चांगलं मिळतं, ते वागणं वाढत जातं. पुढे बी. एफ. स्किनर यांनी हाच विचार विस्ताराने मांडला. आपलं सगळं काम त्यावरच उभं आहे. वस्तू सोडणं हे कुत्र्याला फायद्याचं वाटलं पाहिजे.

म्हणून सुरुवात करताना कुत्र्याच्या तोंडात काहीच नको. शांत खोली निवडा. ट्रीट हरभऱ्याएवढ्या हव्यात: बिनमिठाचं उकडलेलं चिकन, पनीर किंवा उकडलेलं अंडं. साध्या आवाजात एकदाच “सोड” म्हणा, क्षणभर थांबा आणि मग पाच-सहा तुकडे फरशीवर टाका. कुत्रं खात असताना एकेका तुकड्याकडे बोट दाखवत राहा, म्हणजे खाताना माणसाचा हात जवळ असणं त्याच्या सवयीचं होतं. काही वेळा करून थांबा. पुढच्या वेळी दुसरी खोली घ्या, मग गच्ची, मग अंगण.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी शब्द, मग हात. तुमचा हात आधीच ट्रीटच्या पाऊचकडे (पिशवीकडे) गेला तर कुत्रं शब्द ऐकत नाही, हात बघतं. आणि ज्या दिवशी पाऊच नसेल त्या दिवशी ढिम्म हलत नाही. ‘खाऊ असेल तरच ऐकतो’ असं जे लोक म्हणतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

शब्द ऐकताच मान खाली घालून ते फरशी हुंगायला लागलं की वस्तू आणा, पण त्याला फारशी आवड नसलेली. जुनी दोरी चालेल. तोंडात दोरी असताना “सोड” म्हणा, तुकडे टाका. दोरी आपोआप पडते, कारण तोंड उघडल्याशिवाय खाता येत नाही. आता लगेच दोरीवर झडप घालू नका. पहिले काही वेळा ती तिथेच राहू द्या. नंतर उचला, आणि खाणं संपलं की परत द्या. हे परत देणं माझ्या मते या शिकवणीचा गाभा आहे. सोडल्यावर खाऊ मिळतो आणि वस्तूही परत येते, हे कळलेलं कुत्रं वस्तू स्वतःहून तुमच्या पायाशी आणून टाकायला लागतं. त्यानंतर चेंडू, टॉवेल अशा जास्त आवडीच्या वस्तूंकडे जा.

शब्द कोणता ठेवायचा, हे पहिल्याच भेटीत सगळ्यांसमोर ठरवा. आपल्या गावात एकाच घरात आजी तेलुगूत बोलते, सून कन्नडमध्ये आणि मुलं मराठीत. भाषा कुठलीही चालेल, पण सगळ्यांच्या तोंडी शब्द एकच हवा. ट्रीटही घरच्यांच्याच हातात द्या. तुमचं ऐकणारं आणि त्यांचं न ऐकणारं कुत्रं त्यांच्या काय कामाचं?

घरात रोजच्या सरावाला कोरड्या भाकरीचे बारीक तुकडे पुरतात. रस्त्यावरच्या हाडासमोर मात्र चिकनच लागतं. शेंगाचटणी लावलेली भाकरी अजिबात नको, तीत लसूण असतो आणि कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा बाहेरचा सराव सूर्य वर यायच्या आत उरका आणि बाकीचा घरातल्या शहाबादी फरशीवर घ्या. चिकन-पनीर उन्हात लवकर खराब होतं, थोडंच सोबत ठेवा.

कुत्र्याच्या अंगाकडे बघायची सवय लावून घ्या. खाता खाता ते एकदम थांबतं, अंग ताठ होतं, डोक्याची हालचाल न करता डोळ्याच्या कडेने बघतं आणि डोळ्याचं पांढरं दिसतं. तिथेच थांबा, मागे सरका. गुरगुरलं तर रागावू नका आणि घरच्यांनाही रागावू देऊ नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती दाबली की ते पुढे सूचना न देता चावू शकतं. आधी चावलेलं, किंवा अचानक असं वागू लागलेलं कुत्रं नवख्याने एकट्याने हाती घेऊ नये. आधी पशुवैद्याकडून तपासून घ्या, कधी कधी दुखणाऱ्या दाताचा किंवा कानाचा तो परिणाम असतो. मग अनुभवी ट्रेनरसोबत जा. लहान मुलांना हा सराव एकट्याने करू देऊ नका.

“दोन फटके द्या की, सर,” असं म्हणणारे काका भेटतीलच. त्यांना शांतपणे सांगा की प्राण्याला मारहाण करणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मग त्यांच्याच हातात ट्रीट द्या. मी हेच करतो. कुत्र्याने वस्तू टाकली की काकांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

काम सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. तरीही चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

शिकवणी पूर्ण होण्याआधीच कुत्र्याने धोकादायक काही उचललं, तर काय करायचं हेही पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगून ठेवा. मागे धावायचं नाही. घरातली सगळ्यात आवडती गोष्ट काही फुटांवर पसरायची, ते तिकडे वळलं की मधे उभं राहून वस्तू उचलायची. शिजलेलं हाड, दाणे काढलेलं मक्याचं कणीस, मनुका किंवा चॉकलेट पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नये, मिठानेच जीव धोक्यात येऊ शकतो. काय खाल्लं, किती आणि कधी, एवढं सांगून सरळ पशुवैद्याला फोन करायचा. तो नंबर त्यांच्या फ्रिजवर लागल्याशिवाय मी पहिली भेट संपवत नाही.