रव्याचे ठिपके आणि दुसरी टाकी

नवे मासे आधी वेगळे ठेवायची माझी दोन फुटी रिकामी टाकी जुलैत कांदे-बटाटे ठेवायला गेली होती. लालबागच्या दोन खोल्यांत काचेची टाकी रिकामी राहत नाही. त्यामुळे पावडर ब्लू टँग हा नवा समुद्री मासा आणला तो सरळ मोठ्या, खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडला. तिसऱ्या दिवशी त्याच्या परांवर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके आले. सहाव्या दिवशी ते गेले आणि मी खूश झाले.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पावसाळाभर मलेरियाच्या स्लाइड बघते. एका स्लाइडवर परजीवी दिसला नाही म्हणून मलेरिया नाहीच असं आम्ही कधी धरत नाही, ताप चढला की पुन्हा रक्त घेतो. घरी मात्र तेवढं डोकं चाललं नाही. बाराव्या दिवशी सासूबाई टाकीसमोर थबकल्या. मालवणच्या त्या, बाजारात कल्ला उचलून बघितल्याशिवाय मासा घेत नाहीत. म्हणाल्या, "गो, ह्येका धाप लागली हा." टँगचे कल्ले भात्यासारखे चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. दोन क्लाउनफिश उरले, त्यांच्यावर केलेले उपचार इथे सांगते.

आधी ठिपके का गळतात ते. हा क्रिप्टोकॅरियन इरिटन्स नावाचा परजीवी. तीन ते सात दिवस माशाच्या कातडीखाली खाऊन-पिऊन माजतो, मग सुटून खाली पडतो, दगडाला चिकटून कवच करतो आणि आत फुटून शेकडो पिल्लं तयार करतो. ती बाहेर पडली की दिवस-दोन दिवसांत मासा शोधतात, नाहीतर मरतात. टाकीत मासा जाऊन जाऊन जाणार कुठे? त्यामुळे दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी येते. तांब्याचं औषध कातडीखालच्याला लागत नाही, कवचातल्यालाही नाही, फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. म्हणून पाण्यातलं तांबं एक दिवसही खाली उतरता कामा नये. बाकीचा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच.

ठिपके मोजता येतात, रव्याएवढे आहेत, तर बहुधा हाच. अंगावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी दिसली, मासा पंपाच्या प्रवाहात तोंड घालून उभा राहिला, तर तो व्हेल्व्हेट, दुसरा एक परजीवी. तो दोन-चार दिवसांत टाकी रिकामी करतो, तेव्हा रविवारची वाट बघू नका. डोळे दुधाळ, अंग दगडाला घासतोय, ठिपका एकही नाही, तर फ्लूक म्हणजे चपटे कृमी असू शकतात. त्यांना तांबं पुरत नाही, प्राझिक्वांटेल लागतं, आणि अंडी फुटून येतात म्हणून आठवड्याने दुसरा डोस.

मोठ्या टाकीत तांबं घालायचं नाही, कधीच. कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं मरतं, आणि दगड-वाळू तांबं शोषून घेतात ते वेगळंच. औषध वेगळ्या टाकीत.

माझी टाकी ६० बाय ३० सेंटीमीटर, पाणी २५ सेंटीमीटरपर्यंत. म्हणजे ४५ लिटर. हा गुणाकार आधी करा, दुकानदाराच्या "दोन फुटी टाकी"वर डोस ठरवू नका. आरओचं पाणी, त्यात मत्स्यालयाचं मीठ, क्षारता मोठ्या टाकीएवढीच. दादर चौपाटीवरून समुद्राचं पाणी कॅन भरून आणणारे मला माहीत आहेत. पावसात तिथे नाल्यांचं पाणी मिसळतं, तो नाद सोडा. टाकीत वाळू नाही, दगड नाही, शिंपलाही नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे दोन एल्बो, प्लंबरकडे मिळतात. एक स्पंज फिल्टर, एक एअर पंप. आपल्याकडे पाणी तिशीला टेकतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, म्हणून बुडबुडे भरपूर हवेत. लाइट गेली तर सेलवर चालणारा पंप जवळ असू द्या. क्रॉफर्ड मार्केटात मिळेल.

आता तांबं. शेतीच्या दुकानातला मोरचूद मी वापरत नाही. बाटलीबंद औषध दोन जातींचं असतं. साधं आयनिक तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅमवर काम करतं. बांधलेलं, म्हणजे चिलेटेड, साधारण २ ते २.५ मिलिग्रॅमवर. दहापटीचा फरक आहे, तेव्हा बाटली नीट वाचा आणि टेस्ट किट त्याच जातीचं घ्या. मी चिलेटेड घेतलं, तीन दिवसांत थोडं थोडं चढवलं, मग ३० दिवस रोज रात्री जेवणं झाल्यावर मोजलं. परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरून, ट्यूबलाइटखाली. पिवळ्या दिव्यात रंग फसवतो. आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिले.

पाणी बदलताना नव्या पाण्यात तेवढंच तांबं आधी मिसळायचं. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवायचा, तो औषध खातो.

तरी मासे तांब्यापेक्षा अमोनियाने जास्त मरतात. कोऱ्या स्पंजमध्ये अमोनिया खाणारे जिवाणू नसतात. मी मोठ्या टाकीच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या जोडटाकीत, पडलेला जुना स्पंज आणला. रोगट टाकीतला असला तरी चालतो, कारण तो तांब्यातच जाणार आहे. खायला करंदी बारीक चिरून, चिमूटभर, दोन वेळा. उरलेलं पाच मिनिटांत नळीने ओढून काढायचं. अमोनिया दिसला की पाणी बदला. अमोनिया मारणारं रसायन चिलेटेड तांब्यात ओतू नका, तांबं सुटून एकदम विषारी होतं.

तांबं नको असेल तर बदलीची पद्धत आहे: दर ७२ तासांच्या आत मासा आधी कोरडा करून नवं पाणी भरलेल्या टबात हलवायचा, असं चारदा. गळलेला परजीवी जुन्या टबात मागे राहतो. पद्धत छान, पण व्हेल्व्हेट आणि फ्लूकवर उपयोग नाही, आणि रिकामा झालेला टब पुन्हा वापरण्याआधी पूर्ण कोरडा व्हायलाच हवा. जुलैत आमच्याकडे रुमाल वाळत नाही. दिवाळीनंतर करीन.

इकडे मोठी टाकी माशांविना ७६ दिवस ठेवली. कोरल, गोगलगायी आत, दिवे-पंप चालू. कवचातली काही पिल्लं फारच उशिरा फुटतात, म्हणून इतके दिवस. क्लाउनफिशचे ३० दिवस झाल्यावर कोळसा लावून आणि पाणी बदलून तांबं काढलं, आणि उरलेले दिवस त्यांना तिथेच ठेवलं. परत सोडताना मासा तेवढा उचलला, पाणी मोरीत. जाळी आणि बादली दोन्ही टाक्यांच्या वेगळ्या, लाल चिकटपट्टी लावलेल्या औषधाच्या टाकीच्या.

कांदे आता फ्रिजवर टोपलीत असतात.