आपल्या वॉर्डाची तब्येत जनगणनेतून कशी मोजावी

घरात कोण आजारी आहे, हे जनगणनेत विचारत नाहीत. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, स्वयंपाक कशावर होतो आणि किती खोल्यांत किती माणसं राहतात, हे मात्र प्रगणकाने दारात उभं राहून टिपलेलं असतं. वस्तीची तब्येत बरीचशी याच उत्तरांत सापडते. २०११ च्या जनगणनेचे नाशिकचे वॉर्डवार आकडे फुकट मिळतात. लागतं ते एक्सेल आणि दोन मोकळे रविवार.

जनगणनेच्या सरकारी संकेतस्थळावरून महाराष्ट्राच्या दोन फायली उतरवून घ्या. पहिली प्राथमिक जनगणना गोषवाऱ्याची. तिच्यात कुटुंबं, स्त्री-पुरुष, ० ते ६ वयाची मुलं, साक्षर, काम करणारे अशी माणसांची मोजणी आहे. दुसरी घरयादीची. तिच्यात घर, पाणी, शौचालय, गटार, इंधन आहे. नाशिक जिल्ह्याचा संकेतांक ५१६. तो एक्सेलच्या गाळणीला (फिल्टरला) लावला की पुढे नाशिक महापालिका निवडायची आणि फक्त वॉर्डांच्या ओळी ठेवायच्या. या सगळ्या वॉर्डांची बेरीज १४,८६,०५३ आली पाहिजे, ती शहराची २०११ ची लोकसंख्या. जुळली नाही तर एखादी ओळ गळाली आहे किंवा एकूण शहराची ओळही बेरजेत गेली आहे. इथे दहा मिनिटं घालवा, पुढचे दोन दिवस वाचतात.

आता रकाने निवडा. मोह आवरा, सहा पुरेत: पाण्याची जागा, गटार, घरातलं शौचालय, स्वयंपाकाचं इंधन, एका खोलीत राहणारी कुटुंबं आणि स्त्रियांची साक्षरता. मी सगळ्यांत जास्त वेळ पाण्याच्या जागेवर घालवतो. पाणी आवारात, आवाराजवळ की दूर, अशी ती विभागणी असते. शहरात ‘दूर’ म्हणजे १०० मीटरच्या पलीकडे. बहुतेकांचा डोळा डासांसाठी उघड्या गटाराच्या रकान्याकडे जातो. पण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पाणी लांबून आणावं लागलं की घरात पिंप, टाक्या, हंडे भरून ठेवले जातात, त्यामुळे डेंग्यूच्या बाबतीत पाण्याचा रकाना गटारापेक्षा जास्त बोलतो. गटार बघायचं ते जुलाब, कावीळ आणि पावसाळ्यासाठी.

साक्षरतेत हमखास चूक होते. साक्षर माणसं सात वर्षं पूर्ण झालेल्यांतूनच मोजलेली असतात, तेव्हा भागायचंही त्यांच्याच संख्येने. समजा, वॉर्डात ५,००० स्त्रिया, त्यात ६०० मुली ० ते ६ वयाच्या, साक्षर स्त्रिया ३,७४०. तर ३,७४० भागिले ४,४००, म्हणजे ८५ टक्के. एकूण संख्येने भागलंत तर ७४.८ येतील आणि लहान मुलं जास्त असलेली वस्ती विनाकारण बदनाम होईल.

दुसरी चूक टक्क्यांची. घरयादीच्या वॉर्डवार फाईलमध्ये आकडे टक्क्यांत असतात. तुमची कॉलनी दोन वॉर्डांत विभागली असेल तर दोन टक्के मिळवून निम्मे करू नका. एका वॉर्डात ४,००० कुटुंबं आणि १० टक्के घरांशी उघडं गटार, दुसऱ्यात १,००० कुटुंबं आणि ४० टक्के, असं धरा. सरळ सरासरी २५ येते. प्रत्यक्षात ५,००० पैकी ८०० कुटुंबं, म्हणजे १६ टक्के. कुटुंबसंख्या पहिल्या फाईलमधून आणायची, म्हणून तर दोन्ही फायली हव्यात.

स्त्री-पुरुष प्रमाण वापरायचं तर ० ते ६ वयाचंच वापरा. सातपूर-अंबडकडे औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले कितीतरी पुरुष खोली भाड्याने घेऊन एकटे राहतात. नाशिक रोडला मध्यवर्ती कारागृह आहे, तिथल्या कैद्यांचीही गणना होते. अशा वॉर्डात एकूण प्रमाण घसरलेलं दिसतं, त्यावरून तिथल्या मुलींबद्दल काही ठरवता येत नाही.

मग क्रमवारी. प्रत्येक रकान्यात वॉर्ड उत्तम ते वाईट असे लावा, चार समान भाग करा आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल रंग भरा. सगळं मिळून एकच गुण काढायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. गॅसमध्ये हिरवा आणि गटारात लाल असलेला वॉर्ड त्या एका गुणात पिवळा होऊन बसतो, आणि नेमकं गटारच नजरेआड होतं.

कागद घेऊन आता फिरायला निघा. जुन्या नाशकातल्या वाड्यात शौचालय ‘आहे’, पण ते किती बिऱ्हाडांत एक, हे तिथे गेल्यावरच कळतं. पंचवटीत किंवा गंगापूर रोडला एकाच वॉर्डात टोलेजंग सोसायटी आणि झोपडपट्टी शेजारी असेल तर सरासरी दोघांबद्दलही खोटं बोलते. आकड्यांच्या वयाचाही हिशेब ठेवा. ते २०११ चे आहेत. त्यानंतर २०१४ ला स्वच्छ भारत, २०१६ ला उज्ज्वला आली, तेव्हा शौचालय आणि इंधनाचे रकाने शिळे झालेत असं धरून चाला. एका खोलीत राहणारी कुटुंबं आणि गल्लीची रचना तितक्या लवकर बदलत नाही. पाथर्डी फाट्यासारख्या वाढत्या भागाला मात्र जुना आकडा लावूच नका.

आणि हे वॉर्ड म्हणजे आजचे प्रभाग नव्हेत. महापालिकेचे २०१२ ला ६१ प्रभाग होते, २०१७ ला ३१ झाले. नगरसेवकाकडे जाताना प्रभागाचा नंबर सांगण्याऐवजी गल्ल्यांची नावं सांगा. पुढची लोकगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची आहे, आणि तेव्हा शहरात सिंहस्थाचं पर्व चालू असेल. नवे आकडे आले की सीमा पुन्हा बदललेल्या असतील, म्हणून आत्ताच प्रत्येक वॉर्डापुढे त्याच्या चार बाजूंचे रस्ते आणि नाले लिहून ठेवा.